बेटाची ट्रायल

मेणकाकांनी आयुष्यभर लोकांना दात दिले, पण त्यातला एकही दात त्यांनी कुणाच्या तोंडात पाहिला नाही. ही तक्रार नव्हे, धंद्याची रीतच तशी आहे. दातांचा डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतो, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो आणि तो साचा कागदात गुंडाळून मेणकाकांकडे येतो. औषधाच्या दुकानावर त्यांची खोली. खिडकीलगत लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले जबडे. मेणकाका साच्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात बसवतात आणि ती कच्ची कवळी डॉक्टरकडे परत पाठवतात. तिला ट्रायल म्हणतात. पेशंट ती घालून बघतो, हसतो, बोलतो, आरशात बघून नाक मुरडतो. मग डॉक्टर मेणकाकांना फोन करतो. पुढचा दात जरा लांब वाटतोय, किंवा ओठ फुगल्यासारखा दिसतोय, किंवा सगळं बरोबर आहे, पक्कं करा. ‘पक्कं करा’ हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय मेणकाका जागचे हलत नाहीत. कारण पुढची पायरी म्हणजे मेण वितळवून टाकायचं, त्या जागी कवळीचं प्लास्टिक भरायचं आणि सगळं उकळत्या पाण्यात शिजवायचं. एकदा शिजलं की शिजलं, मग देवाचा बाप आला तरी दात सरकत नाही.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला होता, स्वतःच्या लग्नाच्या वेळी. सासऱ्यांना लग्नाआधी कवळी हवी होती, वेळ थोडा होता आणि होणाऱ्या जावयाला आपली करामत दाखवायची घाई झाली होती. त्यांनी ट्रायल न घेताच कवळी शिजवली. लग्नाच्या अल्बममध्ये सासरे पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत तोंड मिटून उभे आहेत. बघणाऱ्याला वाटतं, यांना जावई पसंत नसावा. तेही अगदीच खोटं नव्हतं. तेव्हापासून मेणकाकांनी कानाला खडा लावला, ट्रायलशिवाय काहीही पक्कं करायचं नाही. पुढे हा नियम कवळ्यांपुरता राहिला नाही. घरात सोफा घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी त्याच मापाची पुठ्ठ्याची खोकी जोडून हॉलमध्ये महिनाभर मांडून ठेवली. त्या महिन्यात आलेले पाहुणे खोक्यांवर बसले आणि परत आले नाहीत.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणतात, कारण निम्म्या वस्तीला तिनेच पोहायला शिकवलं. सार्वजनिक तलावाच्या कडेला, शिट्टी गळ्यात आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाई वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. मूल पाण्यात हातपाय मारतं, नाकातोंडात पाणी गेलं की काठाकडे बघतं. काठावर बाई दिसल्या की परत हातपाय मारायला लागतं. बाईंचं निम्मं शिकवणं म्हणजे तिथे दिसणं एवढंच होतं. तलाव बंद झाला, पोरं घरी गेली, की त्या स्वतः पाण्यात उतरत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, भिंतीला हात लावून वळायचं, पुन्हा ही भिंत. समुद्र त्यांनी पाहिला होता, पण ज्या समुद्रात भल्याभल्यांना उतरू देत नाहीत असाच. तिथे त्या चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

यंदा त्यांचा उजवा खांदा कुरकुरायला लागला. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढले आणि ऑपरेशनला पर्याय नाही म्हणून सांगितलं. ऑपरेशननंतर दुखणं जाईल, पण हात डोक्याच्या वर जाईल याची खात्री तो देत नव्हता. मोसम बदलेपर्यंत थांबलात तर चालेल, त्यापुढे नको, असं त्याने बजावलं. बाईंनी ते भाजीचा भाव ऐकावा तसं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र त्या बराच वेळ चप्पल न काढता खुर्चीवर बसून राहिल्या.

त्याच आठवड्यात मुलगी माहेरी आली होती. आईचं मन रमावं म्हणून तिने मोबाइलवर तिला एका बेटाचे फोटो दाखवले. प्रशांत महासागराच्या मधोमध, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढं ते बेट. तासाभरात चालून प्रदक्षिणा होते. एक अतिथीगृह, एक दुकान, नारळाची झाडं, आणि एका बाजूला तळ्यासारखं शांत, कोमट, तळ दिसणारं पाणी. बाईंनी फोटो बोटाने मोठा केला, उजवीकडे सरकवला, डावीकडे सरकवला. त्या काय शोधत होत्या ते मुलीला कळलं नाही. मेणकाकांना कळलं. त्या भिंत शोधत होत्या.

“खांदा आहे तोवर मला इथे एकदा पोहायचंय,” बाई म्हणाल्या.

बाईंनी संसारात काही मागितल्याचं मेणकाकांना आठवत नव्हतं. सोफासुद्धा त्यांनी मागितला नव्हता. मेणकाकांनी तिथल्या तिथे ठरवलं की हे झालंच पाहिजे, आणि ते व्यवस्थित झालं पाहिजे. पहिला भाग ठीक होता. घोडं पेंड खाणार होतं ते दुसऱ्या भागात.

चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात एक तरुणी प्रवासाची तिकिटं काढून द्यायची. मेणकाका तिच्याकडे गेले. तिकिटवालीने सगळं नीट समजावलं. दोन मोठी विमानं बदलायची, आणि शेवटी एक चिमुकलं विमान, आठवड्यातून एकदाच बेटावर जाणारं. त्यात माणसं मोजकीच बसतात, आणि बसण्याआधी सामानासकट माणसाचंही वजन करतात. मोसम बदलला की वादळं सुरू होतात आणि ते विमान बंद. तिने संगणकावर बोटं चालवली आणि म्हणाली की दोन जागा मी धरून ठेवते, विचार करून मला कळवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेणकाकांच्या आयुष्यात कळवायचं काम नेहमी दुसऱ्याचं होतं. त्यांनी माल पाठवायचा, आणि समोरच्याने फोन करून ‘पक्कं करा’ म्हणायचं. हे इतकी वर्षं इतकं सुरळीत चाललं होतं की जगात याहून वेगळी पद्धत असू शकते हे त्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं. तिकिटवालीला त्यांनी आपली इच्छा सांगितली होती. म्हणजे ट्रायल पाठवून झाली होती. आता तिचा फोन यायचा. ते निर्धास्तपणे फोनची वाट बघायला लागले, आणि तिकडे ती त्यांच्या फोनची.

वाट बघण्याच्या काळात त्यांनी हातावर हात ठेवले नाहीत. बेटाविषयी जे जे वाचायला मिळालं ते वाचलं. वीज जनरेटरची, संध्याकाळी सात ते दहा. गोडं पाणी पावसाचं, पिंपात साठवलेलं. मोबाइल चालत नाही. खायला भात, मासे, केळी, नारळ आणि डब्यातलं जे काय बोटीने येईल ते. डास भरपूर. हे सगळं वाचून दुसऱ्या कुणी मच्छरदाणी विकत घेतली असती आणि विषय संपवला असता. मेणकाका म्हणाले, शनिवार-रविवार ट्रायल घेऊ.

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, कारण उजवा हात वर नेताना दुखायचं. त्यांनी फक्त विचारलं की खोकी लागणार आहेत का.

शुक्रवारी संध्याकाळी मेणकाकांनी घराचं बेट केलं. मेन स्विच बंद. नळांना फडकी बांधली, न्हाणीघरात पिंप भरून ठेवलं. दोघांचे मोबाइल बंद करून कपाटाच्या खणात टाकले आणि खणाला कुलूप लावलं. मच्छरदाणीचं एक टोक पडद्याच्या दांडीला, दुसरं खिडकीच्या गजाला आणि तिसरं कपाटाच्या मुठीला बांधलं. त्यामुळे कपाट उघडलं की मच्छरदाणी कोसळायची. बाईंचे कपडे कपाटात होते. त्यांनी रविवारपर्यंत तोच गाऊन वापरला. न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये आला आणि दोघं बॅगा घेऊन आळीपाळीने त्यावर चढले. बाई मापात बसल्या. मेणकाका बसले नाहीत, कारण त्यांच्या बॅगेत मेण, सुरी, कानस, डिंक आणि एक छोटा स्पिरिटचा दिवा होता. बेटावर कुणाचा दात पडला तर काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. बाई म्हणाल्या की पडू दे. बराच खल होऊन डिंक घरी ठेवायचं ठरलं.

शनिवारी दुपारी दोघं टोप्या घालून गच्चीत खुर्च्या टाकून बसले. बेटावर दुपारी याशिवाय करण्यासारखं काही नसतं, असं मेणकाकांच्या वाचनात आलं होतं. समोरच्या घरातल्या वहिनींनी आपल्या खिडकीतून विचारलं की वीज गेलीय का. मेणकाकांनी खरं सांगितलं की आम्ही प्रशांत महासागरात आहोत. वहिनी समजूतदार होत्या, त्यांनी थोड्या वेळाने मेणबत्त्या आणून दिल्या आणि जाताना बाईंचा हात दाबला.

रात्री डब्यातला मासा. सकाळी डब्यातला मासा. पिंपातलं पाणी काटकसरीने वापरायचं असल्यामुळे भांडी घासायची नाहीत, म्हणून डब्यातूनच मासा. मेणकाका प्रत्येक घासाला तपासत होते की हे आपल्याला झेपतंय का. झेपत होतं. त्यांना मनातून फार बरं वाटत होतं. सगळं कसं बरोबर बसत होतं, कुठे टोचत नव्हतं, कुठे हलत नव्हतं. रविवारी दुपारी ते अगदी खुशीत येऊन बाईंना म्हणाले की काही सुधारायचं असेल तर आत्ताच सांग, अजून मेण आहे.

बाई गच्चीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

“समुद्र कुठाय?” त्यांनी विचारलं.

मेणकाकांना प्रश्न समजला नाही. त्यांनी सांगितलं की समुद्राची ट्रायल घेण्याची गरज नाही, पोहणं तर तू रोजच करतेस.

“मी रोज भिंतीला हात लावून परत येते,” बाई म्हणाल्या. “बाकी तुमचं सगळं छान बसलंय हो. आता पक्कं करा.”

आयुष्यात पहिल्यांदाच हे शब्द त्यांना फोनवर नव्हे, समोरासमोर ऐकू आले. मेणकाका खूश झाले. सोमवारी सकाळी त्यांनी मच्छरदाणी सोडली, खणाचं कुलूप काढलं आणि मोबाइल चालू केला. मोबाइल हातात थरथरायला लागला आणि थांबेचना. तिकिटवालीचे फोन होते, शनिवारी सकाळपासून लावलेले. शेवटी तिने निरोप लिहिला होता: ‘काका, जागा आज संध्याकाळपर्यंतच धरता येतील, प्लीज फोन करा.’ हा ‘आज’ शनिवारचा होता. त्या वेळी मेणकाका टोपी घालून गच्चीत बसले होते.

ते खोलीवर गेले नाहीत, थेट तिच्या गाळ्यात गेले. ती आधी रागावली आणि मग त्यांचा चेहरा बघून रागवायची थांबली. तुम्ही कुठे होतात, असं तिने विचारलं. मेणकाकांनी उलट जागांचंच विचारलं. कारण खरं उत्तर ‘बेटावर’ असं होतं, आणि ते कुठल्याही तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. तिने संगणकात पुन्हा पुन्हा बघितलं. चिमुकल्या विमानाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या भरल्या होत्या, वादळं सुरू होईपर्यंत. एका फेरीत फक्त एक जागा उरली होती. एक.

मेणकाकांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना स्वतःची अशी लाज त्या लग्नाच्या अल्बमनंतर वाटली नव्हती. तेव्हा ट्रायल न घेतल्याने घोळ झाला होता, आता घेतल्याने. फळीवरचे सगळे जबडे आपल्याला हसताहेत असं त्यांना वाटलं. पुढच्या वर्षी जाऊ, हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. पुढच्या वर्षी विमान असेल, बेट असेल, पाणी असेल. खांदा नसेल.

“ही एक तरी धरून ठेवू का?” तिकिटवालीने विचारलं. “तुम्ही घरी विचारून फोन करा.”

“धरू नका,” मेणकाका म्हणाले. “पक्कं करा.”

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. बाई कणीक मळत होत्या, डाव्या हाताने. मळता मळता थांबल्या. त्यांना राग आला होता आणि तो अगदी रास्त होता. तीन दिवस मी अंधारात मासे खाल्ले ते यासाठी, एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मळायला लागल्या. मुलीचा फोन आला, तिने सगळं ऐकून घेतलं आणि बाबा, तुम्ही धन्य आहात, असं म्हणाली. कौतुकाचा सूर नव्हता. मग बाई म्हणाल्या की मी एकटी काही जायची नाही, तिकीट परत करा.

मेणकाकांनी समजूत घालायला सुरुवात केली. माझा तिथे तसाही काय उपयोग, मला पोहता येत नाही, पाण्यात गुडघ्याच्या वर मी जाणार नव्हतो. तू पोहली असतीस आणि मी नुसता टॉवेल धरून काठावर उभा राहिलो असतो.

“मला तेच हवं होतं,” बाई म्हणाल्या.

ज्या बाईने सगळ्या वस्तीसाठी काठावर उभं राहून आयुष्य काढलं, तिच्यासाठी काठावर कधी कुणी उभं नव्हतं. ही गोष्ट एकाच घरात राहून मेणकाकांच्या लक्षात आली नव्हती. मेणाच्या कवळीत केसाएवढी फट असली तरी दिसणारे डोळे हे. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी तसंच सांगितलं, की मला फार वाईट वाटतंय. बाईंनी पिठाच्या हाताने त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि सोडली. बाहीवर पीठ राहिलं. ते त्यांनी दिवसभर झटकलं नाही.

बाई गेल्या. जाण्याआधी दोघांनी पुन्हा एकदा बॅग घेऊन वजन केलं. या वेळी मापात जागा उरली, म्हणून मेणकाकांनी मच्छरदाणी घातली. विमानतळावर त्यांनी सूचना द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्या सूचना देऊन झाल्या होत्या, तालमीसकट.

घरी परत आल्यावर त्यांनी काय करावं? दुसरा कुणी मित्रांकडे गेला असता. मेणकाकांनी मेन स्विच बंद केला. नळांना फडकी बांधली, पिंप भरलं, मोबाइल बंद करून खणात टाकला. तिकडे जनरेटर सातला सुरू होणार, तर इकडे दिवे सातला. दातांच्या डॉक्टरांना आधीच कळवलं होतं की आठवडाभर मला फोन लागणार नाही. डॉक्टरांनी विचारलं की कुठे चाललात, आणि मेणकाकांनी सांगितलं की कुठे नाही. दिवसा खोलीवर जाऊन ते आधी पक्क्या झालेल्या कवळ्या घासत आणि चकाकवत, आणि ऊन उतरायच्या आत घरी येत.

तिकडे बाई सकाळी पोहणार होत्या. तिकडची सकाळ म्हणजे इकडची कुठली वेळ, हे मेणकाकांनी मुलीकडून समजून घेतलं होतं. ती वेळ झाली की ते टॉवेल घेऊन गच्चीत जात आणि कठड्यापाशी उभे राहत. दिव्यांचं वेळापत्रक इकडच्या घड्याळाने आणि टॉवेलचं तिकडच्या. समोरच्या वहिनींनी पहिल्या दिवशी विचारलं की टॉवेल वाळत घालायचाय का. मेणकाका म्हणाले, नाही, कोरडाच आहे. दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी काही विचारलं नाही, आल्या तशा मेणबत्त्या ठेवून गेल्या.

बाई ज्या दिवशी परतणार होत्या त्या दिवशी मेणकाका विमानतळावर जाणार होते. पण विमान पाठच्या वाऱ्याने म्हणा की कशाने, लवकर पोचलं, आणि तसा फोन बाईंनी केला तेव्हा मोबाइल खणात होता. बाई टॅक्सी करून घरी आल्या. दार ढकलून आत पाऊल टाकलं तर हॉलमध्ये संध्याकाळचा अंधार, आणि अंधारात खुर्चीवर मेणकाका, पायात बूट, विमानतळावर जायच्या तयारीत. बाई उन्हाने रापल्या होत्या. केसांना मिठाचा वास होता. उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता, तो दुखत असणार हे उघड होतं.

मेणकाका धडपडत उठले, बॅग घेतली, पाणी दिलं. मग समोर बसले. डॉक्टरच्या फोनची वाट बघताना बसत तसे, हात मांडीवर ठेवून. कसं होतं, हे त्यांना विचारायचं होतं, पण आपल्याला तो हक्क उरलाय का ते कळेना.

“भिंत नव्हती,” बाई आपणहून म्हणाल्या.

पाणी इतकं हलकं होतं की खांद्याची आठवणच राहिली नाही, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी जवळजवळच फिरल्या. दुसऱ्या दिवशी सरळ पुढे निघाल्या. एक हात, दुसरा हात. पुढे काहीच नाही, नुसतं निळं. वळायचं कशाला, तेच कळेना. आयुष्यभर भिंत सांगायची, आता वळ. मागे बघितलं तर काठ लांब राहिला होता आणि काठावर कुणी नव्हतं. त्यांना भीतीही वाटली नाही. तसंच पुढे जावंसं वाटलं.

“मग?” मेणकाकांनी विचारलं.

“मग मनात आलं, तुम्ही घरी दिवे बंद करून बसला असाल,” बाई म्हणाल्या. “म्हणून वळले.”

सात वाजायला अजून वेळ होता. मेणकाका उठले आणि त्यांनी मेन स्विच लावला.